सूर्यावर चुंबक असतं का रे?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

 

आजचा भाग माझ्या आईच्या एका प्रश्नावर आहे. ११ मे २०२४, शनिवार. आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज आला. तुम्हालाही आला असणार. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, अंगाजवळ घेऊ नका, सूर्यावरून घातक किरणं येणार आहेत.’ खाली नेहमीप्रमाणे नासाचं नाव. मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला, घरातला ऑफिशियल फॅक्ट-चेकर. टाकून दिलं, ‘फेक आहे, फॉरवर्ड करू नका.’

पाच मिनिटांत आईचा फोन. “अरे, फेक कसं? बातम्यांत तर दाखवतायत, लडाखला रात्री आकाश लाल झालं होतं.”

आणि ते खरं होतं. लडाखमध्ये हान्लेला आपली वेधशाळा आहे, तिथल्या कॅमेऱ्यांत आकाशात लाल झळाळी दिसली होती. फोन बंद ठेवायची गोष्ट खोटी, पण सूर्यावरचं वादळ खरं. त्या तीव्रतेचं वादळ २००३ नंतर पहिल्यांदाच आलं होतं.

मी म्हटलं, “आई, सूर्यावर चुंबकीय गडबड होते, त्याचा परिणाम आहे तो.”

आई म्हणाली, “सूर्यावर चुंबक असतं का रे? एवढ्या उष्णतेत?”

मी म्हटलं, “आई, मीटिंग आहे, नंतर सांगतो.” शनिवारी कसली मीटिंग, हे तिनेही विचारलं नाही.

आता बघा, प्रश्न किती बरोबर आहे. लोखंडाचं चुंबक तापवलं की साधारण ७७० अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व संपतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. तिथे चुंबक टिकेलच कसं? मला उत्तर येत नव्हतं. त्यानंतर बरेच महिने सवड मिळेल तसं वाचत गेलो. आज आईला द्यायला हवं होतं ते उत्तर तुम्हाला देतो.

सतरा वर्षं डाग मोजणारा माणूस

सुरुवात चुंबकापासून करायचीच नाहीये. सुरुवात करायची डागांपासून.

सूर्यावर काळे डाग दिसतात हे दुर्बीण आल्यापासून, म्हणजे गॅलिलिओच्या काळापासून नीट माहीत होतं. पण पुढची दोनशे वर्षं ‘असतात कधी, नसतात कधी’ यापलीकडे कोणी फारसं गेलं नाही.

मग जर्मनीत डेसाऊ नावाच्या गावात हाइनरिश श्वाबे नावाचा माणूस. धंदा औषधांच्या दुकानाचा, नाद आकाशाचा. त्याला डागांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता नवीन ग्रह. बुधाच्याही आत, सूर्याच्या जवळ एखादा ग्रह असेल, तर तो सूर्यासमोरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, असा त्याचा हिशोब. पण सूर्यावर आधीच काळे ठिपके. मग ग्रह कुठला आणि डाग कुठला, हे ओळखायचं कसं? रोजचे डाग लिहून ठेवायचे. साधा उपाय.

१८२६ पासून तो रोज, ऊन असेल त्या दिवशी, दुर्बिणीतून सूर्य बघायचा आणि वहीत मांडायचा. ग्रह कधीच सापडला नाही, कारण तसा ग्रह नाहीच. पण सतरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्यावर त्याला दिसलं, की डागांची संख्या वाढते, कमी होते, परत वाढते. साधारण दहा वर्षांत एक फेरा. १८४४ साली त्याने ते छापलं आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८५१ मध्ये हुम्बोल्ट या मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात त्याचा तक्ता घेतला, तेव्हा जगाला कळलं. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

मग स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फने जुन्या नोंदी खणून काढल्या आणि सरासरी काढली अकरा वर्षं आणि थोडी. घड्याळासारखी अकरा नाहीत हं. एखादं चक्र नऊ वर्षांत संपतं, एखादं चौदाच्या जवळ जातं. वोल्फने १७५५ ला सुरू झालेल्या चक्राला पहिला नंबर दिला. तेच नंबर आजही चालतात. सध्या चाललंय ते पंचविसावं.

इथे थोडं माझ्याबद्दल. माझा जन्म १९९७ चा. २००१ मध्ये डागांचं शिखर होतं, मी बालवाडीत. २०१४ चं शिखर आलं तेव्हा मी अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये. डिसेंबर २०१९ ला सूर्य सगळ्यात शांत, मी नुकताच नोकरीला लागलेलो. आणि २०२४ च्या शेवटी परत शिखर. म्हणजे अख्ख्या आयुष्यात मला तीन शिखरं मिळाली आणि एकाही वेळी मी वर बघितलं नाही.

अजून एक कबुली. ऑफिसमध्ये आमच्या टीमचे लॉग तीस दिवसांनी आपोआप डिलीट व्हावेत, ही सेटिंग मीच केली होती. स्टोरेजचा खर्च वाचला, मॅनेजर खूश. श्वाबेचं वाचताना पहिला विचार हाच आला, की त्याने तीस दिवसांची सेटिंग ठेवली असती तर? रोजच्या तीस पानांत काहीच दिसत नाही. तीनशे पानांत नाही. अकरा वर्षांची गोष्ट दिसायला अकरा वर्षांची वही लागते.

डाग म्हणजे काय

आता चुंबक येतं. साल १९०८, कॅलिफोर्निया, माउंट विल्सन वेधशाळा. जॉर्ज एलरी हेल.

सूर्यप्रकाशाचा रंगपट्टा खूप ताणून बघितला, की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक रेषा कुठल्या ना कुठल्या मूलद्रव्याची सही असते. १८९६ मध्ये झीमान या डच शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवलं होतं, की प्रकाश देणारा वायू जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर एका रेषेच्या दोन किंवा तीन होतात. आणि त्या किती लांब सरकल्या, यावरून क्षेत्र किती जोरदार ते काढता येतं. म्हणजे हात न लावता, पंधरा कोटी किलोमीटरवरून चुंबक मोजायची युक्ती.

हेलने दुर्बीण डागावर लावली. रेषा फुटलेल्या! हिशोब आला साधारण तीन हजार गॉसचा. तुमच्या फोनमधला कंपास ज्या पृथ्वीच्या क्षेत्रावर चालतो, ते जेमतेम अर्धा गॉस. म्हणजे सहा हजार पट. आणि हे डाग बारके नसतात, कित्येक डागांत आख्खी पृथ्वी सहज मावते. मे २०२४ चं वादळ ज्या डागांच्या गटातून आलं, तो पृथ्वीच्या साधारण पंधरा पट रुंद होता.

मग डाग काळे का? सूर्याच्या बाहेरच्या थरात, पातेल्यात वरण उकळावं तसा गरम वायू खालून वर येत असतो, थंड होऊन खाली जात असतो. जिथे क्षेत्र फार जोरदार, तिथे हे उकळणं अडतं. खालची उष्णता वर येत नाही. तिथलं तापमान चार हजार अंशांच्या आसपास राहतं, आजूबाजूला साडेपाच हजार. चार हजार म्हणजे काही गार नाही. शेजारचा जास्त झगमगतो म्हणून हा काळा दिसतो.

हेलचं काम इथे थांबलं नाही. डाग बहुतेक वेळा जोडीने येतात. सूर्य फिरतो त्या दिशेने एक पुढे, एक मागे. पुढचा उत्तर ध्रुव असेल तर मागचा दक्षिण. सूर्याच्या वरच्या अर्ध्या भागात पुढचे सगळे उत्तर असतील, तर खालच्या अर्ध्या भागात पुढचे सगळे दक्षिण. आणि नवीन चक्र सुरू झालं, की सगळं उलटं! पुढच्यांचं दक्षिण, मागच्यांचं उत्तर. हेलच्या टीमने हे कित्येक वर्षांच्या मोजणीतून दाखवलं. त्यामुळे डाग अकरा वर्षांनी परत येत असले, तरी चुंबकाच्या हिशोबाने सूर्य मूळ जागी यायला बावीस वर्षं लागतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

सूर्यावर लोखंडाचं चुंबक नाही. बरोबर, उष्णतेत ते टिकलंच नसतं. पण दहावीच्या विज्ञानात आपण शिकलोय, तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते. चुंबकीय क्षेत्रासाठी चुंबकाचा तुकडा लागत नाही, विजेचा प्रवाह पुरतो.

सूर्य हा प्लाझ्माचा गोळा. इतकी उष्णता, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले. सगळीकडे सुटे विद्युतभार, आणि सगळं सतत हलतंय. म्हणजे ज्या उष्णतेमुळे लोखंडाचं चुंबक मेलं असतं, त्याच उष्णतेमुळे सूर्यात वीज वाहू शकते. जुन्या सायकलींना दिव्यासाठी डायनामो असायचा, चाक फिरलं की दिवा लागायचा. हालचालीतून वीज. सूर्यात हालचालीतून वीज, विजेतून चुंबकीय क्षेत्र, आणि ते क्षेत्र परत हालचालीत अडकलेलं. शास्त्रज्ञ यालाही डायनामोच म्हणतात.

आता अकरा वर्षं का, ते बघू. इथे थोडं डोळ्यांसमोर चित्र आणा.

सूर्य घन नाही, त्यामुळे तो सगळीकडे सारखा फिरत नाही. विषुववृत्ताजवळ एक फेरी सुमारे पंचवीस दिवसांत, ध्रुवांकडे पस्तीसच्या आसपास. शांत काळात क्षेत्राच्या रेषा साध्या असतात, वरच्या ध्रुवाकडून खालच्या ध्रुवाकडे. आणि प्लाझ्माची गंमत अशी, की या रेषा त्याला चिकटल्यासारख्या असतात. तो जाईल तिकडे त्या जातात. मग मधला पट्टा पुढे पळतो, टोकं मागे राहतात, रेषा ताणल्या जातात. फेरीमागून फेरी. भोवऱ्याला दोरी गुंडाळतो ना, तशी उभी रेष आडवी गुंडाळली जाते.

गुंडाळून गुंडाळून क्षेत्र इतकं दाट होतं, की त्याचा एखादा पीळ हलका होऊन वर येतो आणि पृष्ठभाग फोडून कमानीसारखा बाहेर पडतो. कमानीचे दोन पाय म्हणजे डागांची जोडी. एका पायातून क्षेत्र बाहेर, दुसऱ्यातून आत. म्हणून एक उत्तर, एक दक्षिण. मगाशी हेलने मोजलं ते हेच.

चक्राच्या सुरुवातीला डाग विषुववृत्तापासून बरेच लांब, तीस अंशांच्या आसपास उगवतात. वर्षं जातात तसे नवे डाग विषुववृत्ताच्या जवळ जवळ. १९०४ मध्ये ॲनी आणि वॉल्टर माउंडर या नवरा-बायकोने साल आणि डागांची जागा एका कागदावर मांडली, तर आकृती फुलपाखरांच्या रांगेसारखी आली.

आता शेवटचा तुकडा. डागांच्या जोड्या सरळ आडव्या नसतात, थोड्या तिरक्या असतात. पुढचा डाग विषुववृत्ताच्या किंचित जवळ, मागचा किंचित लांब. डाग विरघळतात, पण त्यांचं क्षेत्र लगेच जात नाही. पुढच्यांचं क्षेत्र विषुववृत्तापाशी समोरच्या अर्ध्या भागातल्या उलट्या क्षेत्राला भेटतं आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. मागच्यांचं मात्र हळूहळू ध्रुवाकडे वाहत जातं. सूर्याच्या पृष्ठभागावर ध्रुवांकडे जाणारा एक संथ प्रवाह आहे, सेकंदाला दहा ते वीस मीटर. म्हणजे एसटीचा वेग म्हणा, तासाला पन्नास किलोमीटर. सूर्यावर विषुववृत्त ते ध्रुव अंतर अकरा लाख किलोमीटर. मी कॅल्क्युलेटर काढला. एसटी कुठेही न थांबता गेली, तरी अडीच वर्षं.

ध्रुवावर पोचलेलं हे क्षेत्र तिथल्या क्षेत्राच्या उलटं असतं. आधी ते जुन्याला खोडतं, मग स्वतः जागा घेतं. उत्तरेचा दक्षिण होतो, दक्षिणेचा उत्तर. हे साधारण डागांच्या शिखराच्या वेळी घडतं. माणसाने हे पहिल्यांदा पाहिलं १९५७-५८ मध्ये. बॅबकॉक बापलेकांनी सूर्याचं कमकुवत क्षेत्र मोजायचं यंत्र बनवलं होतं, त्यात दिसलं. आधी दक्षिण ध्रुव उलटला, उत्तर ध्रुव त्यानंतर वर्षाहून जास्त काळाने. धाकट्या बॅबकॉकने, होरेसने, मग १९६१ मध्ये आत्ता सांगितलेलं चित्र मांडलं. पुढे त्यात बरीच भर पडली, पण सांगाडा तोच.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा लूप आहे. एका चक्राचं आउटपुट पुढच्या चक्राचं इनपुट. उलटलेल्या ध्रुवांपासून रेषा परत गुंडाळायला लागतात, परत डाग, परत ध्रुव उलटे. गुंडाळायला आणि वाहून न्यायला जितका वेळ लागतो, तितकं ते चक्र.

आणि यातूनच भविष्य सांगायची वाट निघते. सूर्य शांत असताना ध्रुवांवरचं क्षेत्र किती, त्यावरून पुढचं चक्र किती जोराचं याचा अंदाज. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने पंचविसाव्या चक्राचं शिखर ११५ येईल म्हटलं होतं, जुलै २०२५ च्या सुमारास. प्रत्यक्षात ते सुमारे १६० वर गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्येच. त्याआधी २०१८ मध्ये कोलकात्याच्या आयसरमधल्या प्रांतिका भौमिक आणि दिब्येंदु नंदी यांनी ध्रुवीय क्षेत्राचं गणित मांडून सांगितलं होतं, की हे चक्र मागच्या इतकं किंवा त्याहून थोडं जोरदार असेल. अंदाज जमतोय, पण अजून आपल्या पावसाच्या अंदाजासारखा. छत्री बरोबर ठेवलेली बरी.

एक अडचण म्हणजे पृथ्वीवरून सूर्याचे ध्रुव नीट दिसतच नाहीत. आपण त्याला नेहमी बाजूने बघतो. मार्च २०२५ मध्ये युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाने थोडं खालून जाऊन दक्षिण ध्रुवाचे फोटो काढले. तिथे उत्तर आणि दक्षिण, दोन्ही जातींचे तुकडे मिसळलेले सापडले. उलटापालट चालू असताना काढलेला फोटो!

आपल्याला काय फरक पडतो

आता फॉरवर्डवर येऊ. पिळलेल्या रेषा तुटून परत जोडल्या जातात तेव्हा प्रचंड ऊर्जा सुटते. एक, सौरज्वाला. तिचा प्रकाश आठ मिनिटांत इथे पोचतो. दोन, कधी कधी प्लाझ्माचा आख्खा ढग, आपलं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन, बाहेर फेकला जातो. तो एक ते तीन दिवसांत येतो. पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळला की आपलं क्षेत्र हलतं. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

तुमच्या खिशातल्या फोनला, तुमच्या अंगाला याने काही होत नाही. खाली आपल्याकडे वातावरण आहे, ते अडवतं. धोका आहे लांब तारांना, उपग्रहांना, जीपीएसला. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये जमिनीतल्या प्रवाहांमुळे आख्खी वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक, नऊ तास अंधार. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने ४९ उपग्रह सोडले. वादळ किरकोळच होतं, पण वरचं वातावरण तापून फुगलं, घर्षण वाढलं, आणि ३८ उपग्रह खाली पडून जळाले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, शेतकरी थांबून राहिले.

आणि आता आपल्या मुंबईची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त आवडते.

१ सप्टेंबर १८५९. लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन हा माणूस नेहमीप्रमाणे डागांची चित्रं काढत होता. अचानक डागांवर पांढरा लख्ख प्रकाश चमकला आणि पाचेक मिनिटांत विझला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ. अमेरिकेत तारखात्यातल्या लोकांनी बॅटरी काढून टाकली, तरी नुसत्या आकाशातून आलेल्या विजेवर तारा जात होत्या.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. माणूस जाऊन बघायचा, आकडा लिहायचा. त्या सकाळी आकडे वेडेवाकडे यायला लागले, तर तिथल्या लोकांनी काय केलं? काही मिनिटांच्या अंतराने वाचायला लागले, आणि लिहीत राहिले. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. जगात बऱ्याच ठिकाणी आकडा कागदाबाहेर गेला, तुटला. कुलाब्याची नोंद राहिली. २००३ मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ती वही परत उघडली, आणि ते वादळ किती मोठं होतं याचा जगातला एक मुख्य पुरावा तिथून मिळाला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी! आकडे लिहिणाऱ्यांना लंडनच्या त्या लख्ख प्रकाशाची त्या वेळी खबरही नव्हती.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कळलं. ट्रामच्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला उभी केली, बांधताना लोखंड टाळून. काही काळ दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता येतील. ऐकलं का, मायग्रेशन करणाऱ्यांनो? जुनी सिस्टिम बंद करायच्या आधी दोन्ही बरोबर चालवली! अलिबागची ती नोंद आजही चालू आहे.

आज आपलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला उभं आहे, जानेवारी २०२४ पासून. त्यावरची एक दुर्बीण, सूट नावाची, पुण्याच्या आयुकामध्ये बनली. वादळाचा ढग सेकंदाला पाचशे किलोमीटरने येत असेल, तर त्या ठिकाणाहून आपल्याला पन्नास मिनिटं आधी कळतं, की ढगातल्या क्षेत्राची दिशा कुठली. दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलटी असली तर तडाखा जोराचा. पन्नास मिनिटं कमी वाटतात, पण उपग्रह आणि वीजयंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी तेवढीही खूप.

शेवटी

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. भोवरा मिळाला नाही, म्हणून मोसंब्याला दोरा गुंडाळून दाखवला. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे परत असं व्हायला अकरा वर्षं? तेव्हा तू अडतिशीचा असशील.” आणि मग, “दीड वर्ष चालली तुझी मीटिंग.”

ऑफिसातली सेटिंग बदलली. सगळे लॉग ठेवणं परवडत नाही, खरंच. पण रोजची एक ओळ, दिवसाचा सारांश, आता कधीच डिलीट होत नाही. त्याची किंमत महिन्याला एका चहापेक्षा कमी आहे.

तुमच्यासाठी एक काम. आता डाग हळूहळू कमी होत जातील, तळ तिशीच्या आसपास येईल, म्हणजे २०३० च्या. पण मोठी वादळं उताराच्या काळातही येतात. २००३ चं ऑक्टोबरचं वादळ शिखरानंतर दोन वर्षांनी आलं होतं. नासाच्या एसडीओ उपग्रहाचा रोजचा सूर्याचा फोटो फोनवर फुकट मिळतो. आठवड्यातून एकदा बघा आणि वोल्फच्या पद्धतीने मोजा. डागांचे गट गुणिले दहा, अधिक सुटे डाग. तीन गट आणि एकूण सात डाग, तर सदतीस. वहीत लिहा, तारीख घाला. नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून थेट सूर्याकडे बघायचं नाही, डोळे जातील. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा असेल तर मोठा डाग त्यातूनही दिसतो.

माझा पहिला आकडा मी गेल्या रविवारी लिहिला. आईनेही मोजला. आमचे आकडे जुळले नाहीत, ती म्हणते मी दोन डाग चुकवले. बहुतेक तिचंच बरोबर असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि फोन रात्री चालू ठेवलात तरी चालेल.